घरबसले सेनापती



ज्या गुरुजींच्या नावाने आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांचा इतिहासाचा तास सांगवीतल्या माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना आठवत असेल. पानिपत शिकवून झालं की ते एखाद्या पोराला उभं करत. 'तू भाऊसाहेब. तेरा जानेवारीची रात्र आहे. बोल, काय करतोस?' पोरगं बोलायला लागलं की लगेच दटावत, 'अरे, उद्या काय होणार हे तुला कुठे माहीत आहे?' एवढीच त्यांची अट. त्या अटीच्या जोरावरच मी आजचा विषय घेतला आहे, कारण मी काही इतिहासाचा माणूस नाही. माझी सगळी नोकरी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. माल किती शिल्लक आहे, किती लागणार आहे आणि पुढचा कधी येणार, हे तीन प्रश्न सोडून आम्हाला चौथा प्रश्न कोणी शिकवला नाही.

पत्रिकेवर विषय वाचून एक-दोघांनी फोन केले. स्मृती व्याख्यानमालेत टीव्हीवरच्या ड्रॅगनवर बोलणार का, म्हणाले. बोलणार. कारण आपल्या घरातली पंचविशी-तिशीतली मुलं युद्धाबद्दल जेवढं आणि ज्या बारकाईने भांडतात तेवढं आपण कधी भांडलो नाही, आणि ती हे भांडण या ड्रॅगनवरूनच करतात.

२९ एप्रिल २०१९. वार सोमवार. त्या दिवशी आपल्या मावळ मतदारसंघात लोकसभेचं मतदान होतं. त्याच सकाळी साडेसहाला 'गेम ऑफ थ्रोन्स'चा तो मोठ्या लढाईचा भाग भारतात मोबाइलवर आला. अमेरिकेत तेव्हा रविवारची रात्र होती. हिंजवडीची सुट्टी, त्यामुळे पोरांनी आधी लढाई पाहिली आणि मग ती मतदानाला आली. रांगेत माझ्या पुढे दोघं होते. उमेदवार कोण, चिन्ह कोणतं, याची चर्चा नाही. एक म्हणत होता, 'घोडदळ असं अंधारात सोडतात का रे?' दुसरा म्हणाला, 'सोडू दे, पण दगडफेकीची यंत्रं पायदळाच्या पुढे? आपल्याच लोकांच्या पुढे?' शाई लावून बाहेर आले तरी ते त्या यंत्रांपाशीच होते. माझं कुतूहल तिथून सुरू झालं. घरी मुलीकडून पासवर्ड घेतला आणि पहिल्या भागापासून पाहायला बसलो.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उत्तरेकडून मेलेल्यांची फौज चालून येते आहे. त्यांचा राजा पडलेल्या माणसाला पुन्हा उभा करतो, म्हणजे तुमचा मेलेला शिपाई पुढच्या क्षणी त्याचा शिपाई होतो. जिवंतांचा तळ एका किल्ल्यात. बाहेर खंदक, खंदकापुढे पायदळ, पायदळाच्याही पुढे दगडफेकीची यंत्रं आणि सगळ्यांत पुढे डोथराकी नावाचे घोडेस्वार. एक जोगतिणीसारखी बाई येते, मंत्र म्हणते, स्वारांच्या वाकड्या तलवारी पेट घेतात आणि ते सगळे किर्र काळोखात दौडत जातात. मग किल्ल्यावरून दिसतं ते एवढंच, की लांबवर ते दिवे एकेक करून विझत आहेत. पाहताना अंगावर काटा येतो, यात वाद नाही. हे चित्रण पंचावन्न रात्री चाललं होतं म्हणतात, आणि ते दिसतंही. म्हणजे जेवढं दिसतं तेवढं. निम्म्या प्रेक्षकांची तक्रार होती की पडद्यावर काळोखच फार आहे.

पण दिवे विझले आणि वादाचे पेटले. घोडदळ शत्रूच्या बगलेवर ठेवायचं असतं, समोरून अंधारात फेकायचं नसतं. ज्या शत्रूकडे मेलेले उठवायची विद्या आहे, त्याच्याशी लढताना बायका-मुलांना किल्ल्याखालच्या दफनघरात लपवायचं? तिथली थडगी फुटली तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. मला मात्र सगळ्यांत खटकलं ते पुढच्या भागात. नकाशाभोवती बसून हिशेब होतो आणि कळतं, की निम्मे डोथराकी शाबूत आहेत. अहो, सगळे दिवे विझलेले आम्ही पाहिले की! साठ्याचा ताळा लागत नसेल तर पुढची चर्चा करायची कशावर?

इथे दोन वेगळी भांडणं आहेत आणि मुलांना त्यांतला फरक पक्का कळतो, हे मला विशेष वाटलं. एक भांडण पात्राशी: 'तू सेनापती म्हणून चुकलास.' दुसरं लेखकाशी: 'तुझं पात्र असं वागणारच नाही.' पुढच्याच पंधरवड्यात दुसऱ्या भांडणाचा कडेलोट झाला. राजधानीचं सैन्य शस्त्रं टाकतं, शरणागतीच्या घंटा वाजतात, आणि तरी डेनेरिस, म्हणजे जिवंतांच्या बाजूने लढलेली राणी, ड्रॅगनवरून अख्खं शहर जाळते. शेवटचं पर्व नव्याने काढा, अशा मागणीच्या अर्जावर पंधरा लाखांहून अधिक सह्या पडल्या. त्या सह्या करणाऱ्यांतल्या अनेकांना ती शहर जाळेल हे मान्य होतं. तिने आधीही माणसं जाळली होती. तक्रार अशी होती, की त्या घंटेपर्यंत लेखकांनी तिला नीट चालवत आणलं नाही, उचलून ठेवलं.

आपल्याकडे महाभारताबद्दल असा अर्ज कुणी केला नाही, कारण व्यासांकडे अर्ज करायची सोय नाही. ते स्वतःच गोष्टीत वावरतात आणि कुरुकुळाचे आजोबा लागतात. पण अर्जाऐवजी आपण कादंबऱ्या लिहिल्या. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ची. त्याच साली इरावती कर्व्यांचं 'युगान्त' पुस्तकरूपाने आलं आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाच साली मराठी वाचकाच्या हातात कर्णाचं वकीलपत्रही पडलं आणि कर्णाची उलटतपासणीही. सावंतांचा कर्ण अन्याय सोसत तेजाळत जातो. इरावतीबाई त्याच्याकडे कोरड्या नजरेने पाहतात. महाभारतातच आहे, की घोषयात्रेत गंधर्वांपुढून कर्ण रणांगण सोडून गेला आणि विराटाच्या गायींसाठी झालेल्या लढाईतही अर्जुनापुढे त्याचा टिकाव लागला नाही. घरोघरी कोणतं पुस्तक पोचलं हे मी सांगायला नको. गेल्या पन्नास वर्षांत आपण कर्णावर जे वाद घातले ते बहुतेक वकिलांचे वाद आहेत. अशील ठरलेला, मग पुरावा शोधायचा.

मग चोप्रांची 'महाभारत' मालिका आली, २ ऑक्टोबर १९८८पासून, दर रविवारी सकाळी. राही मासूम रझांचे संवाद, आणि निवेदन करायला साक्षात काळ. त्या निवेदकाला पुढचं-मागचं सगळं ठाऊक असल्यामुळे पाहणाऱ्यालाही वाटू लागलं, की आपल्याला ठाऊक आहे तर भीष्मांना का ठाऊक नसावं? २८ मार्च २०२०ला टाळेबंदीत ती पुन्हा लागली, तेव्हा आमच्या इमारतीत जिन्यावर अंतर राखून जी भांडणं झाली ती हीच. कर्णाला सूतपुत्र म्हणून स्वयंवरात नाकारलं, मग तो दुर्योधनाकडे जाणार नाही तर काय! गंमत अशी, की इथून नदी ओलांडून गेलं की भांडारकर संस्था आहे. तिथे १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, आणि तिच्या मूळ पाठात द्रौपदीने कर्णाला नाकारल्याचा तो श्लोक घेतलेला नाही. म्हणजे ज्या दाव्यावर पिढ्या भांडल्या त्याचं मूळ कागदपत्रच संशयास्पद. हे सांगितल्यावर जिन्यावर कुणीही माझ्याशी बोलेना.

ते असो. कर्णाचा एक निर्णय मला स्टोअरकीपर म्हणून फार जवळचा वाटतो. त्यावर जरा थांबू.

युद्धाचा चौदावा दिवस. सूर्य मावळला, जयद्रथ पडला, तरी लढाई थांबली नाही. मशाली पेटवून रात्री चालू राहिली. रात्र हा घटोत्कचाचा प्रांत. भीमाचा आणि हिडिंबेचा हा मुलगा कौरवांची फळी चिरत सुटला आणि सैन्य कर्णाला ओरडून सांगू लागलं, की ती शक्ती आता सोड. ती शक्ती म्हणजे इंद्राने कवचकुंडलांच्या बदल्यात दिलेलं अस्त्र. एकदाच चालणारं. कर्णाने ते अर्जुनासाठी राखून ठेवलेलं. अंगाची कातडी सोलून कवच दिलं तेव्हा हे मिळालं, म्हणजे किंमत काय मोजली बघा. कर्ण ते सोडतो, घटोत्कच पडतो. पडता पडता शरीर फुगवून कौरवांच्याच सैन्यावर पडतो, म्हणजे मरणही वाया घालवत नाही.

बहुतेकांचं म्हणणं: इथे कर्ण चुकला, किंवा इथे कृष्णाने त्याला फसवलं. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या घटकेला कर्णापुढे काय होतं ते मांडा. समोर फौज फुटते आहे. ती आज रात्री संपली तर उद्या अर्जुनावर शक्ती टाकायला तो उभा कुणाच्या जिवावर राहणार? राखीव माल ज्या दिवसासाठी ठेवायचा तो दिवस आला, आणि त्याने काढला. हा निर्णय बरोबर आहे. चूक असलीच तर ती आधीची. कर्ण रणात उतरला अकराव्या दिवशी. तेव्हापासून चौदाव्या रात्रीपर्यंत ती शक्ती त्याच्यापाशी होती आणि अर्जुन समोर होता. द्रोणपर्वात संजय सांगतो, की रोज रात्री कौरव ठरवत, उद्या शक्ती अर्जुनावर टाकायची, आणि रोज सकाळी विसरत. कृष्ण म्हणतो, मीच त्याला मोहात ठेवत होतो. मोह म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा. महाग वस्तू कपाटात ठेवून 'आज नको, उद्या याहून मोठी गरज लागेल' म्हणणारे साहेब मी बरेच पाहिले आहेत. त्यांना कृष्णाची गरज लागत नाही.

आणि या रात्रीतली सर्वांत कठीण गोष्ट कर्णाकडे नाहीच. घटोत्कच पडल्यावर पांडव रडतात आणि कृष्ण आनंदाने नाचतो. अर्जुनाला कळेना, तेव्हा तो समजावतो, की शक्ती गेली, आता कर्ण तुला मारू शकत नाही. आणि याला कर्णाने मारलं नसतं तर एक दिवस मला मारावं लागलं असतं. राक्षसिणीच्या पोटचा हा पोरगा खर्ची टाकायचाच होता, असा त्याचा सरळ अर्थ. कर्णासाठी मराठीत हजारो पानं लिहिली गेली. घटोत्कचासाठी किती? त्या रांगेतल्या दोघांनी डोथराकींची बाजू घेतली होती हे मला अशा वेळी आठवतं. डोथराकीसुद्धा परके, रानटी, बोली न कळणारे. म्हणून तर ते पुढे.

न मोजलेल्या माणसांचं आणखी एक उदाहरण आताच्या मालिकेतलं. 'हाउस ऑफ द ड्रॅगन'च्या पहिल्या पर्वात, २०२२ साली, राजघराण्यातली रेनिस नावाची वयस्क स्त्री कैदेतून निसटते, आपल्या ड्रॅगनवर बसते आणि राज्याभिषेकाच्या मंडपाची जमीन फोडून वर येते. समोर एकाच चौथऱ्यावर सगळा विरोधी पक्ष: गादी बळकावणारा नवा राजा, त्याची आई, त्याचे मसलतगार. तोंडातून एक शब्द काढला की युद्ध सुरू व्हायच्या आत संपतं. ती काढत नाही. ड्रॅगन नुसता गर्जना करतो आणि उडून जातो. 'जाळलं का नाही?' हा प्रश्न त्यानंतर आमच्या घरी आठवडाभर जेवणाच्या ताटावर होता. धाकट्याचं म्हणणं, पुढे जे हजारो मेले त्यांचं पाप हिच्या माथी. मुलीचं म्हणणं, जिच्या बाजूने लढायचं त्या राणीला बाप मेल्याचंही अजून ठाऊक नाही. तिच्या वतीने युद्ध सुरू करण्याचा अधिकार हिला कुणी दिला? रेनिस स्वतःही पुढच्या भागात साधारण हेच म्हणते. मला मुलीचं पटलं. पण दोघांच्याही हिशेबात एक आकडा नव्हता. जमीन फुटली तेव्हा जमवून आणलेली साधी रयत त्या फरश्यांबरोबर उडाली. आपल्या नात्यातल्या राजाला जाळायला जिचा हात अडला, तिचा हात त्यांच्यावर अडला नाही.

आता मला जे म्हणायचं आहे त्याकडे येतो. ही मुलं इतकी मोकळी भांडतात, कारण डेनेरिसच्या आडनावाची माणसं सांगवीत राहत नाहीत. जिवंतांकडचा जॉन स्नो हा सेनापती म्हणून बेतास बात आहे, असं भर चौकात म्हणा; कुणी निवेदन घेऊन पोलीस चौकीत जाणार नाही. कर्णाबद्दल बोलताना आवाज थोडा खाली येतो. पानिपताबद्दल बोलताना आधी समोर कोण बसलं आहे ते पाहावं लागतं. होळकर निघून गेले की शहाणपणाने मागे सरले, सूरजमलाचा सल्ला भाऊंनी झिडकारला की नाही, बाजारबुणग्यांसह यात्रेकरू बरोबर का घेतले. यांतला प्रत्येक प्रश्न खरं तर चारा, पाणी आणि दिवसांचा आहे. १७ ऑक्टोबर १७६०ला कुंजपुरा घेतला तेव्हा तिथलं धान्य हाती आलं. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतपाशी यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर आडवा बसला. तिथून संक्रांतीपर्यंत पुढचं धान्य कुठून येणार, या एका प्रश्नाभोवती सगळी मोहीम फिरते. यात कुणाच्या घराण्याची अब्रू जायचं काय कारण? तरी जाते. आपण भाऊंच्या धाडसावर बोलतो, फार तर विश्वासरावांच्या रूपावर. कणगीवर बोलत नाही.

म्हणून मी एक लढाई सुचवतो, जिच्यावर मालिका नाही, सिनेमा नाही, आणि जी इथून अक्षरशः हाकेच्या अंतरावर झाली. खडकीची, ५ नोव्हेंबर १८१७. जुन्या सांगवीच्या घाटावर उभं राहिलं तर पवनेपलीकडे दापोडी आणि मुळेपलीकडे खडकीच्या बाजूची जमीन. दापोडीला मेजर फोर्डची पलटण होती. ती होती पेशव्याच्या पगारातली, पण अंमलदार इंग्रज. गणेशखिंडीच्या बाजूला पेशव्याचे सेनापती बापू गोखले यांची फौज. इंग्रजी नोंदींप्रमाणे पेशव्याकडे सुमारे १८ हजार घोडा, ८ हजार पायदळ आणि १४ तोफा; इंग्रजांकडे फोर्डची पलटण धरून २,८०० माणसं. आकडे इंग्रजांचे आहेत, तेव्हा आपला फुगवून आणि त्यांचा आखडून लिहिला असेल हे गृहीत धरा. तरीही तफावत राहतेच.

पहिला निर्णय लढाईच्या आधीचा. ऑक्टोबर संपता संपता इंग्रजांची छावणी गारपिरावर, शहराला लागून, अडचणीच्या जागी होती आणि मुंबईहून निघालेली गोऱ्यांची पलटण पोचायची होती. गोखले हल्ला करा म्हणत होते. पेशवा दुसरा बाजीराव आज-उद्या करत राहिला. ३० तारखेला ती पलटण पोचली, १ नोव्हेंबरला छावणी खडकीच्या मोकळ्या, सोयीच्या जागी हलली. कपाटातली शक्ती आठवते ना?

दुसरा निर्णय ५ तारखेच्या दुपारचा. बाजीराव पर्वतीवरून पाहतो आहे. त्याने गोखल्यांकडे स्वार धाडला, की पहिली तोफ आपल्याकडून सुटू देऊ नका. ब्रिटिश इतिहासकार ग्रँट डफ लिहितो, की स्वार येताना दिसला, निरोप काय असणार हे गोखल्यांनी ओळखलं आणि तो पोचायच्या आत नऊ तोफांचा मारा सुरू केला. धन्याची आज्ञा कानावर पडू नये म्हणून सुरू केलेली लढाई! एकीकडे हा आज्ञाभंग आहे. दुसरीकडे, महिनाभर धरसोड पाहिलेल्या सेनापतीजवळ दुसरा उपाय काय उरला होता? 'हाउस ऑफ द ड्रॅगन'वर घातले तेवढे वाद या एका स्वारावर घालता येतील.

मग सहा हजार घोड्यांचा तो प्रसिद्ध हल्ला. इंग्रजांची एक देशी पलटण पाठलागाच्या नादात आपल्या ओळीपासून पुढे आली होती. गोखल्यांनी ती फट हेरली आणि जरीपटक्यासह घोडदळ सोडलं. हेरलेली फट बरोबर होती. मध्ये खोल दलदल निघाली, घोडे रुतले, मागचे पुढच्यांवर कोसळले आणि समोरून बंदुका चालल्या. ही दलदल इंग्रजांनाही ठाऊक नव्हती, असं त्यांच्याच बाजूचा इतिहास सांगतो. पण त्यांना ठाऊक असण्याची गरजही नव्हती. ते उभे होते, दौडणारे आपण होतो. मुलूख आपला, पावसाळा नुकताच सरलेला, आणि तीन-चार दिवस हाताशी असताना त्या जमिनीवरून एक घोडा चालवून पाहिला गेला नाही. इथे मी गोखल्यांचा बचाव करणार नाही. संध्याकाळी इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून ८६, आपल्याकडचे सुमारे ५००.

तिसरा माणूस मोरो दीक्षित. पेशव्याचा कारभारी आणि फोर्डचा स्नेही. लढाई अटळ दिसली तेव्हा दोघांनी एकमेकांना शब्द दिला होता, की जो वाचेल त्याने दुसऱ्याच्या कुटुंबाकडे पाहायचं, अशी हकिकत जुन्या इंग्रजी इतिहासांत येते. आणि त्या दुपारी दापोडीहून येणाऱ्या फोर्डच्या पलटणीला मुख्य फौजेशी मिळू न देण्याच्या झटापटीत, त्या पलटणीच्याच माऱ्यात दीक्षित पडले. ते कोणाला काय देणं लागत होते? पेशव्याला, मित्राला, की ज्या घोडेस्वारांना घेऊन ते निघाले त्यांना? फोर्डच्या पलटणीतले शिपाई इथलेच, पगार पेशव्याच्या खजिन्यातून, गोळी पेशव्याच्या कारभाऱ्यावर. त्यांच्या निर्णयाबद्दल तर एक ओळही कुणी लिहिलेली नाही.

माझं मत विचाराल तर तोफांच्या बाबतीत गोखले बरोबर, दलदलीच्या बाबतीत चूक, आणि फोर्डच्या शिपायांच्या बाबतीत मी अजून गोंधळलेला आहे. अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांना अर्धा तास ठेवला आहे. मागच्या रांगेत गोखले आडनावाचे एक गृहस्थ मघापासून हात वर करून बसले आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करू.